सगळ्यात पुढची जागा

सर, तुम्ही गेलात आणि तुमच्या गंधमुक्तीच्या कार्याला दौलतआप्पा रडला. माईक हातात घेऊन, फोटोवाल्याकडे अर्धं तोंड वळवून, रुमालाची घडी न मोडता रडला. "सर म्हणजे माझे बालमित्र," म्हणाला. "देवीच्या सभामंडपाचं छत माझ्या डोक्यातून निघालं आणि सरांच्या हातातून उतरलं," म्हणाला. मी बायकांत बसले होते, डोक्यावर पदर होता आणि पदराआड मी दातओठ खात होते. पुढचं ऐका. मंदिराच्या ट्रस्टचा अध्यक्ष या नात्यानं त्यानं जाहीर केलं, की अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की सरांच्या स्मरणार्थ सभामंडपाला पीओपीचं नवं छत करायचं, त्यात दिवे बसवायचे आणि मधोमध तुमचा फोटो लावायचा. लोकांनी माना डोलावल्या. एकानं टाळी वाजवायला हात उचलले आणि कार्य कसलं आहे ते आठवून खाली घेतले.

म्हणजे तुमची आठवण राहावी म्हणून तुम्ही रंगवलेलं छतच झाकायचं! असलं डोकं अख्ख्या धुळे जिल्ह्यात एकट्या आप्पाकडेच असेल. मी तिथंच ठरवलं, रडायचं ते नंतर, आधी या माणसाला बघायचं. तुमच्या गावच्या, दारावर सांत्वनाला येणाऱ्या बायका माझ्याकडे टक लावून बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या, पुन्हा बघायच्या. मला वाटलं, कुंकवाशिवाय ही कशी दिसते ते बघताहेत. बघू दे म्हटलं. माझं लक्ष आप्पावर होतं.

तुम्हाला मी हाक मारायची तीही 'सर' अशीच. लग्न होऊन आले तेव्हा पहूरच्या शाळेत तुम्ही ड्रॉइंगचे सर होतात, अख्खं गाव सर म्हणायचं, मग मीही म्हणू लागले. सासूबाई म्हणायच्या, नवऱ्याला काय सर म्हणतेस? पण त्या हाकेचा एक फायदा होता. भांडताना "सर, तुम्हाला काही कळतं का?" असं विचारलं की निम्मं भांडण मी तिथंच जिंकायचे. आता घरात कोणाशी भांडू? जळगावच्या त्या दोन खोल्यांत सकाळी चहा टाकते आणि तोंडातलं वाक्य तोंडातच राहतं. याचं मला फार वाईट वाटतं सर, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्हाला राग येत नव्हता. तेवढा एक अवयव देव द्यायचा विसरला होता. आणि गंमत अशी, की तुम्ही आयुष्यभर ज्याच्या पाया पडलात तो माणूस जगातला एक नंबरचा रागीट. तुमचे ते इटलीचे आबा. त्यांचं खरं नाव तुम्ही शाळेत फळ्यावर लिहायचात, घरात ते नुसते 'आबा', जणू अमळनेरचे कोणी चुलत चुलते. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या त्या पुठ्ठा गेलेल्या इंग्रजी पुस्तकातली त्यांची चित्रं तुम्ही जेवतानाही उघडून बसायचात. वरणाचे डाग अजून आहेत त्यावर. पोपनं आबांना छत रंगवायला सांगितलं तर आबा म्हणाले, मी दगड घडवणारा, रंगवणं माझं काम नाही. मग चार वर्षं मान वर करून तेच काम करत राहिले. रंग तोंडावर गळायचा. बूट इतके दिवस पायात असायचे की काढताना कातडीची सालपटं निघायची. मी म्हणायचे, बायको काही बोलत नव्हती का? तुम्ही म्हणायचात, लग्न केलं नव्हतं त्यांनी. मी म्हणायचे, केलं नव्हतं की कोणी पोरगी दिली नव्हती?

पण त्या आबांची एक गोष्ट मला मनापासून आवडायची, आणि नेमकी तीच तुम्हाला आवडत नव्हती. म्हातारपणी त्यांनी देवळातली एक मोठी भिंत रंगवली. देव शेवटचा निवाडा करतोय, चांगले वर चाललेत, वाईट खाली नरकात. पोपच्या दरबारातला एक अधिकारी काम अर्धं असताना बघायला आला आणि नाक मुरडून म्हणाला, ही उघडी माणसं देवळात शोभत नाहीत. तो गेला आणि आबांनी त्यालाच नरकाच्या दारात उभा केला, गाढवाचे कान लावून, अंगाला साप गुंडाळून. तो रडत पोपकडे गेला. पोप म्हणाला, नरकात माझं चालत नाही. याला म्हणतात माणूस! पोपच्या दरबारातली बाकीची नावं कोणाला ठाऊक आहेत? हा मात्र गाढवाच्या कानांसकट अजून तिथंच उभा आहे.

तुम्ही मान हलवायचात. "एवढ्या मोठ्या भिंतीवर तेवढीच जागा लहान झाली," म्हणायचात. "त्या दिवशी आबा भिंतीसाठी नाही, स्वतःसाठी रंगवत होते." मी म्हणायचे, मग काय बिघडलं? आपला हा वाद तीस वर्षं चालला. शेवटच्या आठवड्यातही चालला. तुम्ही अंथरुणातून म्हणालात, "इंदू, राग वर चढवला की छत खाली येतं." मी म्हटलं, "आलं तर आप्पाच्या डोक्यात येऊ दे." तुम्ही हसलात आणि खोकलात. त्यानंतर या विषयावर आपलं बोलणं झालं नाही, म्हणजे वाद अजून मिटलेला नाही असं मी धरून चालते.

आप्पाच्या प्रकरणाचं मूळ तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिरपूरच्या अलीकडच्या तुमच्या त्या गावी देवीचा सभामंडप बांधला, आणि तुम्ही स्वतःहून म्हणालात, छत मी रंगवतो, काही नको. झालं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या की तुम्ही परांचीवर. आपल्याकडचा मे महिना, वर तापलेला स्लॅब, आणि तुम्ही त्याच्याखाली हातभर अंतरावर मान मागे टाकून. मान अशी आखडली की घरी आल्यावर पेपर डोक्याच्या वर धरून वाचायचात. "आबांचंही असंच झालं होतं," हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा, की मान धरण्याचं औषध द्यावं की मानपत्र, मला कळायचं नाही.

चित्र समुद्रमंथनाचं. एकीकडे देव, एकीकडे राक्षस, मध्ये मंदार पर्वत, आणि त्याला गुंडाळलेला वासुकी नाग. अंगं आबांच्या माणसांसारखी, पिळदार, आणि तोंडं गावातल्या लोकांची. कापूस भरणारे, ट्रॅक्टरवाले, पिंजारी चाचा, पोस्टमन. राक्षसांना तुम्ही शिंगं काढली नाहीत, देवांना मुकुट काढले नाहीत. राक्षस तेवढे सावळे, देव गोरे असंही केलं नाहीत, फक्त राक्षसांच्या कमरेला जांभळं कापड आणि देवांच्या कमरेला पांढरं, तेही नावाला.

मोठाली चित्रं तुम्ही आधी आपल्या घरात फरशीवर कागदावर काढायचात. मग रेषेवरून सुईनं भोकं पाडायची, कागद छताला लावायचा, कोळशाची पूड कापडात बांधून वरून थोपटायची, की रेघ उमटते. हेही आबांचंच. भोकं पाडायचं काम माझं. माझा शिवणक्लास सुटला की मी सुई घेऊन बसायचे. आप्पाचं मिरवणं मला तेव्हाही खुपायचं, त्याच्या तोंडाचा कागद तुम्ही दिलात तेव्हा मी गरजेपेक्षा जास्त भोकं पाडली. तुम्ही म्हणालात, "चाळणी झाली त्याची." फक्त एक कागद, अगदी शेवटचा, तुम्ही मला दिला नाहीत. नागाच्या तोंडाचा. "हा मी टोचतो," म्हणालात, आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलात. मला वाटलं, नाजूक काम असेल.

त्याआधी, काम अर्धं असताना, आप्पा बघायला आला, जसा तो अधिकारी आला होता. त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर म्हणालात, "आप्पाला सगळ्यात पुढं बसायचंय. बसवतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही त्याला पुढची जागा देणार? त्या माणसाला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याला हवी ती जागा दिली. मागितलेलं द्यावं." मी फोन ठेवला. माझे इटलीचे आबा गाढवाचे कान काढतात, आणि माझा नवरा खुर्ची पुसून देतो!

ते कमीच होतं. काम पूर्ण होऊन तुम्ही जळगावला परतलात आणि आप्पानं शिरपूरहून दुकानाच्या पाट्या रंगवणारा आणला. देव असे उघडे बरे दिसत नाहीत, म्हणे. त्या पेंटरनं आठवड्यात सगळ्यांना पिवळंधमक पितांबर नेसवलं, ऑइलपेंटनं, देवांना आणि राक्षसांना सरसकट. दारात संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर दौलतआप्पाचं नाव, सौजन्य, प्रेरणा, सगळं. तुमचं नाव कुठंच नाही. तुम्ही म्हणालात, "आबांच्या भिंतीलाही ते गेल्यावर लंगोट नेसवले होते. माझं जरा लवकर झालं." एवढंच! मी म्हटलं, त्या मंदिरात मी पाऊल ठेवणार नाही, आणि ठेवलं नाही. दर आखाजीला तुम्ही म्हणायचात, "एकदा ये. छत उभ्यानं बघायचं नसतं, आडवं होऊन बघायचं." मी म्हणायचे, आधी पाटी काढा.

तर सर, या आखाजीला मी गावी गेले. गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात ती तुमची पहिली घागर भरायची होती. गोपिकाअक्कांनी, तुमच्या मोठ्या वहिनींनी, सगळं मांडलं. पाण्याची घागर, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आमरस. मी विस्तवावर तुमच्या घासाची आगारी टाकली, तुपाचा धूर वर गेला, आणि मला एकदम सुचलं की घागरीतलं पाणी तुम्हाला पोचेल तेव्हा पोचेल, छत मात्र परवा झाकलं जाणार. मजुरांनी परांची बांधायलासुद्धा घेतली होती. मी दुपारच्या उन्हात मंदिरात गेले. गाव झोपलेलं. वीज गेलेली. फरशी थंड होती. मी चप्पल काढली, पाटीकडे न बघता आत गेले आणि सभामंडपाच्या मधोमध आडवी झाले.

सर, केवढं आहे हो ते! मी तुकडे तुकडे टोचले होते, सगळं एकत्र कधी बघितलंच नव्हतं. दोन्हीकडची माणसं अंगातलं बळ लावून ओढताहेत आणि वाटतं स्लॅब हलेल. त्या पिवळ्या पितांबरांनीसुद्धा त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मला रडू आलं. तेवढ्यात अक्का धावत आल्या.

"काय व्हयनं व माय तुले? चक्कर उनी का?"

"काही नही अक्का. छत देखी राह्यनू."

"आडवी पडीसन?"

"सर सांगेत तसं."

अक्का गुडघ्यावर हात ठेवून माझ्या शेजारी बसल्या. मी विचारलं, आप्पा कुठे आहे यात? मनात होतं, एकदा डोळे भरून शिव्या द्याव्यात.

"तो काय, बठ्ठास्ना पुढे. नागनं मुंडकं धरेल शे."

मी बघितलं. सगळ्यांच्या पुढं, आप्पाच तो. मिशीसकट. नागाच्या मानेला मिठी मारून, डोळे मिटून, तोंड वाकडं करून. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. नागाचं तोंड कोणी धरलं होतं? राक्षसांनी. शेपूट धरणं त्यांना कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी हट्टानं पुढची बाजू मागून घेतली आणि नागाचं विष तोंडावर घेत बसले. देव गपचूप शेपटीकडे.

"अक्का," मी म्हटलं, "हा त राक्षसस्मा शे!"

"मंग!" अक्का म्हणाल्या. "पह्यले सरस्नी त्याले शेपटीकडे काढेल व्हता, देवस्मा. आप्पा भडकना. 'मी अध्यक्ष शे, मी काय शेपूट धरू?' सर बोलनात, 'मंग कोठे पाहिजे?' 'बठ्ठास्ना पुढे.' सर बोलनात, 'इचार करी ल्या.' तो बोलना, 'करेल शे.'" अक्कांनी पदर तोंडाला लावला. "बठ्ठा गावले माहीत शे. एक आप्पाले सोडीसन."

जांभळं आणि पांढरं कापड राहिलं असतं तर त्याला कधीतरी कळलं असतं. पण त्यानंच सगळ्यांना पितांबर नेसवलं. पोथी-कीर्तनाला तो पहिल्या रांगेत बसतो आणि मोबाईल बघतो. अक्का म्हणाल्या, एकदा एका कीर्तनकारबुवांनी याच छताखाली मंथनाची कथा लावली, आणि राक्षसांनी तोंडाकडची बाजू मागितल्याचं सांगताच सगळ्या मंडपाला एकदम खोकला आला. आप्पालाही आला. त्याला वाटलं धूप जास्त झाला.

मी त्या फरशीवर हसले सर, पोट दुखेपर्यंत, आणि तुमची आगारी अजून विझलीही नव्हती. मग तुमचा राग आला. मला का सांगितलं नाहीत? इतकी वर्षं मी तुम्हाला मेंगळट म्हणत राहिले आणि तुम्ही ऐकत राहिलात! उत्तर मला ठाऊक आहे. मला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या जळगावला कळलं असतं, रात्रीच्या गाडीनं आप्पाला, आणि सकाळी छताला चुना. बरोबर आहे तुमचं. पण तरीही सांगायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणायचात तसं मागितलेलं द्यायची पाळी माझी होती. आप्पा संध्याकाळी घागरीला नमस्कार करायला आला, पीओपीवाल्याला घेऊन. मी डोक्यावर पदर घेतला. आवाज जमेल तेवढा मऊ केला. आयुष्यात एवढा मऊ आवाज मी तुमच्याशीही काढला नव्हता.

"वहिनी, काही कमी पडू देणार नाही," आप्पा म्हणाला. "सरांचा फोटो चांगला मोठा लावतो."

"ते खरं आप्पा," मी म्हटलं, "पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीसाठी तुटतो. सरांनी तुमचं तोंड किती जीव लावून काढलं होतं. मी स्वतः टोचलंय ते. आता ते झाकलं जाणार."

आप्पानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बठ्ठास्ना पुढे काढेल शे सरस्नी आप्पाले," अक्का मागून म्हणाल्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"नातवंडं मंदिरात येतील," मी म्हटलं, "विचारतील, आपले आप्पा कुठे? काय दाखवणार? प्लास्टर?"

"हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," आप्पा म्हणाला. खरंच आलं नसणार.

"मी काय म्हणते, छत राहू द्या. दिव्याचे पैसे आहेतच, तर एक चांगला फोकस तुमच्या तोंडावर बसवा. तिथं अंधार फार आहे. आणि पाटीवर तुमच्या नावाखाली सरांचं नाव टाका, म्हणजे तुम्हाला तिथं कोणी बसवलं ते लोकांना कळेल."

आप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी खरं. "वहिनी," म्हणाला, "सर भाग्यवान." पीओपीवाला आल्या पावली परत गेला.

दोन दिवसांत फोकस आला. आप्पानं स्वतः वर चढून तो कुठे वळवायचा ते सांगितलं. सांजेच्या आरतीला अर्धं गाव जमलं, एरवी जमत नाही. आप्पानं बटण दाबलं आणि तो वर लख्ख उजळला, डोळे मिटून, तोंड वाकडं करून, राक्षसांच्या रांगेत पहिला. खाली हात जोडून तोच उभा. मंडपाला पुन्हा खोकला आला. सर, तुम्ही म्हणायचात सूडानं जागा लहान होते. होत नाही. मी मोजली नाही, पण मला ती पुरेशी मोठी दिसली.

आणि मग त्या उजेडात मला नागाचं तोंड दिसलं. त्या दुपारी वीज नव्हती, कमानीकडच्या काळोखात होतं ते. फणा काढलेला, जबडा उघडा, हिरवट विषाचा फवारा थेट आप्पाच्या नाकावर. नागाला भुवई कुठून असणार? याला होती. डाव्या भुवईत एक चीर होती, आखाजीच्या झोक्यावरून मी लहानपणी पडले तेव्हा पडली तशी. आणि आप्पाचं नाव निघालं की मी ज्या नजरेनं तुमच्याकडे बघायचे, तीच नजर.

मी अक्कांकडे बघितलं. दारावर आलेल्या त्या बायका आठवल्या, टक लावून बघणाऱ्या, तोंडाला पदर लावणाऱ्या.

"अक्का, ती मी शे का?"

"आते समजनं?" अक्का म्हणाल्या. "हाई बी बठ्ठास्ले माहीत शे."

म्हणून तो कागद मला टोचायला दिला नव्हतात. म्हणून दर वर्षी, एकदा येऊन आडवी होऊन बघ. सर, सगळ्या गावानं बघितली, मी सोडून. तुमच्यात राग नव्हता असं मी म्हणत आले. नव्हताच. तुम्ही माझा वापरलात, आणि नेमका लागायचा तिथंच लावलात. वाद तुम्ही जिंकलात की मी, ते मला आता सांगता येत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही.

आरती संपल्यावर आप्पा माझ्या पाया पडला. "वहिनी, तुमच्यामुळे वाचलं छत," म्हणाला. मी त्याला आशीर्वाद दिला, दीर्घायुषी हो. मनापासून दिला. तो जगावा, रोज आरतीला यावा आणि रोज स्वतः बटण दाबावं. आणि मी कधी मेले तरी वरून त्याच्या तोंडावर विष ओकतच राहीन. तुम्ही माझी तशी सोय करून गेलात, सर.